जुन्या संगणकाला नवी केबल

माळ्यावरून, शाळेच्या अडगळीच्या खोलीतून किंवा एखाद्या बंद पडलेल्या कचेरीतून जुना संगणक हाती येतो, तेव्हा तो बहुधा एकटाच येतो. मॉनिटर आधीच भंगारात गेलेला असतो, कीबोर्डची वायर उंदरांनी कुरतडलेली असते आणि पॉवर सप्लाय भलत्याच खोक्यात जाऊन पडलेला असतो. आतल्या चिपा चाळीस वर्षांनंतरही शाबूत असण्याची शक्यता चांगली असते. पण वीज, पडदा आणि कीबोर्ड यांच्याशी यंत्राला जोडणारं सामान नसेल, तर ते जिवंत आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मग ‘बंद’ असा शेरा मिळून ते मोडीत निघतं.

आपल्याकडे अशी यंत्रं अजून बरीच आहेत. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतीय शाळांत पोहोचला. काही घरांत सिंक्लेअर स्पेक्ट्रम आला. कचेऱ्यांत आयबीएम पीसी-एक्सटीच्या धर्तीवरची यंत्रं बसली. परदेशात राहून परतलेल्या कुटुंबांबरोबर कमोडोर ६४, अमिगा, मॅकिंटॉश आले. यांच्या मूळ केबल पुरवणाऱ्या कंपन्या एक तर बंद झाल्या किंवा त्यांनी हा माल कधीच सोडून दिला. तरी हात टेकण्याचं कारण नाही. त्या काळच्या बहुतेक कंपन्यांनी बाजारात तयार मिळणारेच कनेक्टर वापरले होते: डी आकाराचे, गोल डिन जातीचे, चपट्या रिबन केबलचे आणि बोर्डाच्या कडेवर चढणारे. यांतले बरेचसे आजही कोरे करकरीत मिळतात.

खरी अडचण वेगळीच आहे. तोच कनेक्टर दहा कंपन्यांनी दहा कामांसाठी वापरला. त्यामुळे एखादी केबल सॉकेटमध्ये छान बसते, ‘टक’ असा आवाजही येतो आणि दुसऱ्या क्षणी एखादी चिप कायमची जाते. या छंदात जितकी यंत्रं जळतात, त्यांतली पुष्कळशी अशी बसणाऱ्या पण न जुळणाऱ्या केबलनेच जळतात. म्हणून केबल शोधण्याआधी पोर्टचा नकाशा शोधावा. कोणती पिन कशासाठी आहे, तिच्यावर किती व्होल्ट येतात, ती देणारी आहे की घेणारी, हे कागदावर उतरल्याशिवाय खिशात हात घालू नये.

नकाशा मिळवणं आज सोपं आहे. आयबीएमने १९८१ च्या पीसीबरोबर काढलेल्या तांत्रिक संदर्भ पुस्तिकेत सगळे सर्किट आराखडे छापले होते. कमोडोर, ॲकॉर्न, ॲपल यांच्या दुरुस्ती पुस्तिकाही इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. शक्यतो मूळ पुस्तिकेतलंच चित्र वापरावं. इकडून तिकडून उतरवलेल्या चित्रात एक तपशील हमखास गाळलेला असतो: हे चित्र प्लगचं आहे की सॉकेटचं, आणि समोरून पाहिलेलं आहे की मागून.

हा तपशील क्षुल्लक नाही. प्लगचं तोंड आणि सॉकेटचं तोंड ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, पण सॉकेटचं समोरून दिसणारं चित्र आणि प्लगचं सोल्डरच्या बाजूने दिसणारं चित्र अगदी एकसारखं असतं. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं की उलटापालट टळते. शिवाय बहुतेक चांगल्या कनेक्टरच्या प्लास्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. भिंग आणि तिरपा उजेड घेतला की तो दिसतो. चित्र आणि कोरीव आकडा यांत फरक आला तर कोरीव आकडा खरा मानावा.

डी कनेक्टरपासून सुरुवात करू. कॅनन या अमेरिकी कंपनीने ते १९५२ मध्ये आणले. नावातलं दुसरं अक्षर कवचाचं माप सांगतं: ए म्हणजे १५ पिना, बी २५, सी ३७, डी ५० आणि ई ९. म्हणजे नऊ पिनांचा कनेक्टर हा खरा डीई-९, पण दुकानात डीबी-९ म्हटलं तरच माणूस डबा उघडतो. या नऊ पिनांच्या एकाच आकारात आयबीएम एटीचा सीरियल पोर्ट आहे, कमोडोर आणि अटारीचा जॉयस्टिक पोर्ट आहे आणि जुन्या पीसीचा मॉनिटर पोर्टही आहे. सीरियल पोर्टवर उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत वीज खेळू शकते, तर जॉयस्टिकच्या पिना थेट पाच व्होल्टच्या चिपेला भिडलेल्या असतात. सीरियलची केबल चुकून तिथे लागली की चिपेचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मॉनिटरच्या बाबतीतही सांभाळावं लागतं. आयबीएमचं एकरंगी एमडीए कार्ड आणि रंगीत सीजीए कार्ड दोन्ही नऊ पिनांचीच, पण पहिलं सुमारे १८.४ किलोहर्ट्झने आडव्या रेषा काढतं, तर दुसरं १५.७ ने. जुन्या एकरंगी मॉनिटरला सीजीएचा सिग्नल दिला तर मॉनिटर जळू शकतो.

२५ पिनांची गोष्टही तशीच. पीसीचा प्रिंटर पोर्ट आणि जुन्या मॅकिंटॉशचा स्कझी पोर्ट बाहेरून हुबेहूब दिसतात. आत मात्र काहीही सारखं नाही. मॅकला पीसीच्या प्रिंटरची केबल कधीही लावू नये.

काही केबल मात्र दुसऱ्या कामासाठी तयार केलेल्या असूनही जशाच्या तशा उपयोगी पडतात आणि त्या ओळखता आल्या तर पैसे आणि खटपट दोन्ही वाचतात. ॲपलने १९८६ पासून कीबोर्ड आणि माउससाठी वापरलेली एडीबी जोडणी चार पिनांच्या मिनी-डिनची आहे, म्हणजे व्हीसीआर-डीव्हीडीच्या काळातल्या एस-व्हिडिओ केबलचीच. चारही पिना जोडलेली एस-व्हिडिओ केबल तिथे चालते. फक्त मॅक चालू असताना ती काढू-घालू नये. समांतर पोर्टची प्रिंटर केबल तर आपल्याकडे अजून सहज मिळते, कारण कार्बन लावलेल्या प्रतींसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून अनेक दुकानांत आणि गोदामांत खरखरत असतात. पीसीच्या पाठीमागे लागणारी जाड पॉवर कॉर्डही तीच आहे, जी आजच्या डेस्कटॉपला लागते.

कीबोर्डच्या पाच पिनी डिनकडे पाहून कुणाला वाद्यांच्या दुकानातली मिडी केबल आठवते. प्लग तोच आहे. पण मिडीला मधल्याच पिना लागतात. पिन १ आणि ३ तिथे रिकाम्या असतात आणि बऱ्याच केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसतात. आयबीएमच्या कीबोर्डला घड्याळाचा सिग्नल पिन १ वर लागतो. त्यामुळे अशा केबलने कीबोर्ड लांबवायचा प्रयत्न केला तर काही जळत नाही, पण काही चालतही नाही.

सगळ्यांत फसवी केबल टेलिफोनच्या रिसीव्हरची. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश आणि त्यानंतरचे ५१२के व प्लस यांचा कीबोर्ड अशाच गुंडाळीच्या वायरने जोडला जातो. दोन्ही टोकांना तोच चार तारांचा छोटा पारदर्शक प्लग. घरातल्या जुन्या फोनची वायर तिथे झकास बसते. फरक आतला. रिसीव्हरच्या वायरीत तारा उलट्या असतात, एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला चौथी होते. मॅकच्या कीबोर्डमध्ये पहिली पिन ग्राउंड आणि चौथी पाच व्होल्टची आहे. फोनची वायर लावली की दोन्हींची अदलाबदल होते आणि कीबोर्ड किंवा मॅकचं नुकसान होऊ शकतं. पारख सोपी आहे: दोन्ही प्लग शेजारी शेजारी, तोंडं एकाच दिशेला आणि खिट्ट्या एकाच बाजूला ठेवून धरावेत. आतल्या रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा असेल तर केबल सरळ, क्रम उलटा असेल तर ती फोनची. सरळ केबल बनवायला चार तारांची चपटी वायर, दोन प्लग आणि क्रिंपिंगची पक्कड एवढंच लागतं.

आता प्रत्यक्ष बनवण्याकडे. पहिलं काम फ्लॉपीच्या चपट्या केबलचं घ्यावं, कारण त्यात सोल्डरिंग मुळीच नाही. या केबलला बाजारात एफआरसी म्हणतात. ३४ तारा, दोन तारांमध्ये १.२७ मिलिमीटर अंतर, एका कडेला लाल रेघ. ती रेघ म्हणजे पहिली तार. कनेक्टरवर पहिल्या पिनेपाशी छोटा त्रिकोण असतो. रेघ आणि त्रिकोण एकाच बाजूला आले पाहिजेत. केबल कनेक्टरच्या दातांवर काटकोनात ठेवून वरची पट्टी दाबली की प्रत्येक दात तारेचं प्लास्टिक फाडून तांब्याला भिडतो. दाबण्यासाठी पक्कड वापरू नये. पक्कड एका टोकाला जास्त दाबते, मधले दात अर्धवट राहतात आणि मग ‘कधी चालतं, कधी नाही’ असा दोष उद्भवतो, जो शोधायला आठवडे लागतात. लहान व्हाइसच्या जबड्यात दोन सपाट लाकडी तुकडे धरून, त्यांच्यामध्ये कनेक्टर ठेवून सावकाश आवळावं. शेवटी केबल उलटी वळवून वरची ताणरोधक पट्टी बसवावी. तिच्याशिवाय केबल ओढली गेली की दात सुटतात.

पीसीच्या फ्लॉपी केबलमध्ये शेवटच्या कनेक्टरआधी एक पीळ असतो. १० ते १६ या सात तारा बाजूच्या तारांपासून चिरून सुट्या करायच्या आणि अर्धा फेरा फिरवायच्या. पिळानंतरचा ड्राइव्ह ‘ए’, आधीचा ‘बी’. बीबीसी मायक्रोसारख्या यंत्रांच्या केबलला हा पीळ नसतो. तिथे कोणता ड्राइव्ह पहिला हे ड्राइव्हवरच्या जंपरने ठरतं. एक सावधगिरी: जुन्या एमएफएम हार्ड डिस्कची मोठी केबलही ३४ तारांचीच असते आणि तिलाही पीळ असतो, पण तो २५ ते २९ या तारांत. खोक्यात दोन्ही केबल एकत्र पडलेल्या असतात, म्हणून पीळ कुठे आहे ते मोजल्याशिवाय लावू नये. सव्वापाच इंची ड्राइव्हला पिनांऐवजी बोर्डाच्या कडेवर चढणारा कनेक्टर लागतो, साडेतीन इंचीला पिनांवरचा. एकाच केबलवर दोन्ही दाबून ठेवले की पुढे कुठलाही ड्राइव्ह लावता येतो.

बीबीसी मायक्रोच्या मालकांसाठी तर ही पद्धत वरदानच आहे. त्याच्या पोटाखाली डिस्क, प्रिंटर, यूजर पोर्ट अशा सगळ्या जोडण्या एफआरसीच्याच आहेत. प्रिंटरसाठी २६ तारांची रिबन घ्यावी, एका टोकाला २६ पिनांचा कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला दाबून बसवायचा ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर लावावा. दोन्हीकडे पहिली पिन पहिल्या तारेवर आली की सिग्नल आपोआप जागच्या जागी पडतात. दाबायच्या कनेक्टरला सोल्डरचा थेंबही लागत नाही. याच यंत्राचा कॅसेटचा पोर्ट सात पिनांचा डिन आहे, पण त्यात साधा पाच पिनी प्लग बसतो आणि आवाजापुरतं काम होतं. फक्त टेप आपोआप चालू-बंद करण्याची सोय जाते. सीरियल पोर्टचा पाच पिनी प्लग मात्र वेगळ्या मांडणीचा आहे आणि तो सुलट-उलट दोन्ही बाजूंनी आत जातो. योग्य बाजू एकदा सापडली की त्यावर रंगाचा ठिपका देऊन टाकावा.

सोल्डरिंगची सुरुवात डिन प्लगने करावी आणि त्यासाठी कमोडोर ६४ ची टीव्ही केबल उत्तम. या यंत्राचा व्हिडिओ सॉकेट सुरुवातीला पाच पिनांचा होता, नंतर आठ पिनांचा झाला. पण आठ पिनी सॉकेटमध्येही साधा पाच पिनी प्लग बसतो. पिन ४ वर चित्र, पिन ३ वर आवाज, पिन २ वर ग्राउंड. पिवळ्या आणि पांढऱ्या प्लगची जुनी एव्ही केबल मधोमध कापली की अर्धं काम झालं. इथे एकच खाचखळगा आहे: डिनच्या पिना ओळीने मोजलेल्या नसतात. कमानीवर एका टोकापासून त्यांचा क्रम १, ४, २, ५, ३ असा येतो. मधली पिन ३ नव्हे, २. हे माहीत नसल्याने कितीतरी केबल फुकट जातात.

वायर सोलण्याआधी प्लगचं कवच आणि हीट श्रिंक स्लीव्ह वायरीत ओवून ठेवावी. सोल्डर झाल्यावर ते आत शिरत नाहीत आणि सगळं पुन्हा उसवावं लागतं. प्लग एखाद्या फालतू सॉकेटमध्ये खोचून मगच डाग द्यावा. डिनच्या पिना प्लास्टिकमध्ये रोवलेल्या असतात. उष्णतेने प्लास्टिक मऊ पडलं की पिन तिरकी होते, आणि सॉकेट तिला जागेवर धरून ठेवतं. तार आणि पिनेची वाटी दोन्हींना आधी वेगवेगळं सोल्डर चढवावं, मग दोन सेकंद एकत्र तापवावं. चांगला डाग चकचकीत आणि तारेकडे उतरता दिसतो. गोळा दिसला तर तो वरवर चिकटलेला आहे, परत करावा. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून फक्त जोडलेल्या पिनाच नव्हे, तर न जोडलेल्या शेजारच्या पिनाही तपासाव्यात. तिथे बीप आला म्हणजे दोन पिना एकमेकींना भिडल्या आहेत.

पीसीचा कीबोर्ड तुटला असेल तर जुना पाच पिनी डिन आणि नंतरचा सहा पिनी पीएस/२ यांच्यातला ॲडॅप्टर चार तारांत होतो: डिनची १ पीएस/२ च्या ५ ला, २ जाते १ ला, ४ जाते ३ ला आणि ५ जाते ४ ला. अट एवढीच की संगणक एटी जातीचा हवा. एक्सटीचा प्लग अगदी तोच असला तरी त्याच्या कीबोर्डची भाषा निराळी आहे. कुठलीही केबल ती बदलू शकत नाही. ऐंशीच्या दशकातल्या काही कीबोर्डच्या पोटाशी एक्सटी-एटी असं लिहिलेलं बारीक बटण असतं. असा कीबोर्ड भंगारात दिसला तर जरूर उचलावा.

जुन्या यंत्रात फायली नेण्यासाठी सीरियल केबल सगळ्यांत भरवशाची. आजच्या लॅपटॉपला यूएसबी ते नऊ पिनी सीरियल ॲडॅप्टर लागतो आणि एक्सटीच्या मागे २५ पिनांचा पोर्ट असतो. गंमत अशी की नऊ पिनांत २ घेणारी आणि ३ देणारी, तर पंचवीस पिनांत २ देणारी आणि ३ घेणारी. म्हणून दोन संगणक जोडताना २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७ अशा सरळ तीन तारा पुरतात. पुष्कळसे जुने प्रोग्रॅम मात्र समोरचा तयार आहे अशी खूण मिळाल्याशिवाय बोलत नाहीत. त्यासाठी नऊ पिनांच्या टोकाला ७ व ८ आणि १, ४ व ६ आपापसांत जोडाव्यात. पंचवीस पिनांच्या टोकाला ४ व ५ आणि ६, ८ व २० जोडाव्यात. आर्डुइनोबरोबर विकली जाणारी छोटी यूएसबी-सीरियल पट्टी इथे वापरू नये. ती पाच किंवा ३.३ व्होल्टची असते, आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टच्या पातळीची, नाही.

विजेच्या केबलबाबत मात्र घाई सोडून द्यावी. चुकीच्या डेटा केबलने एखादा पोर्ट जातो, चुकीच्या पॉवर केबलने सगळं यंत्र जातं. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात आणि त्याच्या गोल प्लगचा मधला भाग उणे असतो. घरात पडलेले राउटरचे आणि सीसीटीव्हीचे ॲडॅप्टर जवळजवळ सगळे मध्ये अधिक असलेले. ते स्पेक्ट्रममध्ये बसतात आणि नुकसान करतात. त्याच कंपनीच्या आधीच्या झेडएक्स ८१ ला वीज साडेतीन मिलिमीटरच्या जॅकने दिली जाते, आणि शेजारीच कॅसेटचेही तसेच जॅक आहेत. म्हणून प्रत्येक वेळी कुठे खोचतो आहोत ते वाचून मगच खोचावं. कमोडोर ६४ चा मूळ विटेसारखा पॉवर सप्लाय तर मिळाला तरी वापरू नये. त्याच्या आतला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडतो, व्होल्टेज वर चढतं आणि मेमरीच्या चिपा एकामागून एक जातात. त्याला पाच व्होल्ट डीसी आणि नऊ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे लागतात. नवा सप्लाय तयार घ्यावा किंवा जाणत्याकडून करून घ्यावा.

जुन्या पीसीच्या मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन वेगळे प्लग लागतात. ते अदलाबदल करूनही बसतात. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. तसं नसेल तर बटण दाबूच नये.

तारेची जाडी हा पॉवर केबलमधला न दिसणारा शत्रू आहे. रिबनची २८ गेजची तार एक मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते. एक मीटर केबलमध्ये जाणारी-येणारी मिळून दोन मीटर तार होते, म्हणजे ०.४३ ओहम. त्यातून दीड अँपिअर नेले तर ०.६४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सप्लायवर अचूक पाच व्होल्ट दिसत असताना बोर्डावर ४.३६ च पोहोचतात, आणि त्या काळच्या टीटीएल चिपांना किमान ४.७५ हवेत. संगणक सुरू होतो, काही मिनिटांनी अडकतो आणि माणूस मेमरी बदलत बसतो. त्याऐवजी ०.५ स्क्वेअर एमएमची तार वापरली की हा तोटा ०.११ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणून व्होल्टेज सप्लायच्या टोकाला नव्हे, तर यंत्र चालू असताना बोर्डावर मोजावं. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रावर ११५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या २३० व्होल्टला लावू नये. मेन्सच्या बाजूची दुरुस्ती शिकल्या-सवरल्या हाताकडेच सोपवावी.

काही कनेक्टर खरोखरच दुर्मीळ आहेत. अमिगाच्या मॉनिटरचा २३ पिनी आणि जुन्या मॅक, अटारी एसटी व नेक्स्ट यंत्रांचा १९ पिनी डी कनेक्टर कारखान्यांनी बनवणं कधीच थांबवलं होतं. त्यावर हौशी लोकांनी करवतीचा उपाय काढला: २५ पिनी कनेक्टरचं धातूचं कवच काढायचं आणि एका टोकाकडून प्रत्येक ओळीतली एक पिन कापली की २३, तीन-तीन कापल्या की १९. उरलेलं प्लास्टिक कानशीने घासून गुळगुळीत करायचं. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. १९ पिनी कनेक्टरची कहाणी पुढे आणखी छान झाली. जुन्या मॅकसाठी फ्लॉपी एम्यू हे उपकरण बनवणारे स्टीव्ह चेंबरलिन यांनी २०१६ मध्ये इतर संग्राहकांना बरोबर घेऊन एका चिनी कारखान्याकडून त्याचे १०,००० नग नव्याने पाडून घेतले. मूठभर हौशी माणसं एकत्र आली तर साचा पुन्हा उभा राहतो, हे त्यातून दिसलं. अटारीच्या आठ बिटी यंत्रांच्या १३ पिनी एसआयओ जोडणीसाठीही आता थ्रीडी प्रिंटरवर घरं छापली जातात.

खरेदीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे आधी फेरी मारावी. दुकानात पुस्तकी नावं सांगून उपयोग नाही. एफआरसी, बॉक्स हेडर, बर्ग स्ट्रिप, रिलीमेट, डी कनेक्टर आणि हूड ही नावं चालतात. मोडकी केबल किंवा कनेक्टर सोबत न्यावा आणि समोर लावून पाहावा. जे तिथे नाही ते भंगारात असतं. जुने प्रिंटर, यूपीएस, कॅसेट डेक आणि म्युझिक सिस्टीम यांत डी आणि डिनचे चांगले कनेक्टर सापडतात. औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांनाही विचारावं. जुन्या यंत्रांना प्रोग्रॅम देण्यासाठी त्यांना २५ पिनी सीरियल केबल अजून लागतात आणि त्यांच्याकडे जाड, पितळी पिनांचा माल असतो.

जो कनेक्टर यंत्रावर आहे, तो आधी वाचवावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो बऱ्याच अंशी निघतो. सँडपेपर लावू नये, त्याने वरचा मुलामाच जातो. २८६-३८६ च्या बोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची बॅटरी असते. ती झिरपली असेल तर आधी कापून काढावी. मग डाग व्हिनेगरने पुसावा, नंतर अल्कोहोलने, आणि सॉकेट सडलेला दिसला तर तो बदलावा. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डची पातळ पट्टी वयाने ठिसूळ होते आणि झाकण उघडतानाच तडकते. तिची दुरुस्ती टिकत नाही. नवी मेंब्रेन तयार मिळते, तीच घ्यावी.

केबल तयार झाली की तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी: कोणतं यंत्र, कोणता पोर्ट, कोणत्या तारखेला तपासली. पिनांचा नकाशा यंत्राच्या खोक्यातच ठेवावा, कारण पुढच्या खेपेला ते खोकं दुसरंच कुणी उघडणार आहे.

आणि शाळा, कचेऱ्या, प्रयोगशाळा यांतलं जुनं सामान काढून टाकणाऱ्यांना एक विनंती: संगणक एका ढिगात आणि वायरींचं भेंडोळं दुसऱ्या ढिगात टाकू नका. यंत्राच्या केबल त्याच्याच खोक्यात बांधून द्या. तांब्याच्या भावाने विकलेल्या त्या भेंडोळ्याला किलोमागे जेमतेम चार पैसे मिळतील, पण त्यातली एखादी केबल पुढे कुठल्याच बाजारात मिळणार नाही.